संगणकांतलें दप्तर

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमापासून फार दूर नसलेल्या एका घरांत २०२३ च्या ऑक्टोबरांतील पहिला रविवार असा उजाडला कीं, त्या दिवशीं घरांतलें एक लहानसें यंत्र सर्वांच्या काळजीचा विषय होऊन बसलें. घरचे गुरुजी दोन महिन्यांपूर्वीं वारले होते. २००९ सालीं ते माध्यमिक शाळेंतून निवृत्त झाले. तेव्हांपासून मिळणारें निवृत्तिवेतन आतां कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणून त्यांच्या पत्नीच्या नांवें व्हावयाचें होतें, आणि त्यासाठीं निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत हवी होती. मूळ कागद २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरांत लोखंडी पेटीसकट भिजून त्याचा लगदा झाला होता. "ह्यांनीं तो केव्हांच कॉम्प्युटरांत घालून ठेवला आहे," एवढें काकूंना ठाऊक होतें. कॉम्प्युटरांत कोठें, हें ठाऊक असणारा माणूस मात्र आतां राहिला नव्हता.

साताऱ्याहून पुतण्या आला. त्यानें यंत्र सुरू करतांच पडद्यावर जें दिसलें तें आज घरोघर दिसतें. नवें फोल्डर, नवें फोल्डर दोन, नवें फोल्डर तीन. त्यांच्या शेजारीं 'महत्त्वाचें', त्याखालीं 'अति महत्त्वाचें'. 'फायनल', 'फायनल नवें' आणि 'फायनल शेवटचें'. ज्या माणसानें चाळीस मुलांच्या हजेरीपटांत कधीं खाडाखोड होऊं दिली नाहीं, त्याच्याच संगणकाची ही अवस्था पाहून पुतण्यास आश्चर्य वाटलें. वस्तुतः आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. कागद लावणें ही एक विद्या आहे. ती हातांत असलेल्या माणसालाही यंत्रापुढें ती नव्यानें शिकावी लागते, आणि शिकविणारा तर सहसा कोणी भेटत नाहीं.

जुन्या काळीं दप्तर म्हटलें म्हणजे त्याबरोबर दप्तरदार आलाच. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. त्या रुमालांतून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० पासूनच्या कांहीं वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तें काम साहाय्यकांचा ताफा हाताशीं होता म्हणून झालें. रुमाल सोडावा, कागद वाचावा, त्याचा विषय टिपावा, पुन्हां बांधावा, असें करणारीं माणसें होतीं. संगणकानें रुमाल फुकट दिले आणि कारकून काढून घेतला. जो कागद लिहितो त्यानेंच तो लावावयाचा, त्यानेंच शोधावयाचा, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकामुलांनीं अंधारांत चांचपडावयाचें, अशी ही नवी व्यवस्था आहे.

त्यांत पडद्यावरचीं चित्रेंही थोडी दिशाभूल करतात. झेरॉक्स कंपनीनें १९८१ सालीं 'स्टार' नांवाचें यंत्र विकावयास काढलें. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, खण, टपालाच्या पेट्या यांचीं लहान लहान चित्रें होतीं, म्हणजे कचेरींतलें टेबलच जणूं कांचेवर उतरविलें होतें. कल्पना नामी होती, आणि ती पुढें सर्वांनीं उचलली. परंतु यंत्राच्या पोटांत खण नसतो आणि फोल्डरही नसतें. तेथें असतात त्या केवळ अंकांच्या रांगा. एका पत्राचा मजकूर कित्येकदां तुकड्यातुकड्यांनीं ठिकठिकाणीं विखुरलेला असतो, आणि फोल्डर म्हणजे कोणतें नांव कोणत्या जागेकडे बोट दाखवितें याची एक यादी. १९५६ सालीं आयबीएमनें काढलेल्या पहिल्या तबकडी-यंत्रांत चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एक छायाचित्रही कित्येकदां त्याहून अधिक जागा अडवितें. जागा इतकी स्वस्त झाल्यावर कोण कशाला कांहीं टाकून देईल? कागद वाढत राहिले, यादी लांबत गेली, आणि यादी वाचणारा माणूस मात्र एकच राहिला.

पुतण्याचा पहिला विचार हा कीं, प्रथम सर्व साफ करावें, मग शोधावें. मदतीस येणाऱ्या बहुतेकांचा पहिला विचार हाच असतो, आणि तो बहुधा घातक ठरतो. १९८३ सालीं टॉमस मॅलोन या अमेरिकन संशोधकानें कचेरींतील माणसें आपलीं टेबलें कशीं लावतात याचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत असें दिसलें कीं, कांहीं जण कागद नीट नांव घालून खणांत ठेवतात, तर कांहींजणांच्या टेबलावर नुसते ढीग असतात. पण त्या ढिगांनाही अर्थ असतो. वरचा कागद कालचा असतो, डावीकडचा ढीग अजून उत्तर न दिलेल्या पत्रांचा असतो. ढीग डोळ्यांसमोर राहिल्यानें कामाची आठवण राहते. परक्या माणसानें तो आवरला कीं, टेबल स्वच्छ होतें आणि आठवण जाते. गुरुजींच्या पडद्यावरील ढिगालाही असाच कांहीं क्रम असण्याचा संभव होता, आणि तो क्रम सांगावयास गुरुजी नव्हते. सुदैवानें पुतण्यास वेळींच सुचलें. त्यानें एक बाहेरची डिस्क जोडून सर्व कांहीं जसेंच्या तसें तिच्यावर उतरवून घेतलें. त्या कामास दुपारचे दोन तास गेले. काकूंना वाटलें, मुलगा नुसता बसून आहे.

मग त्यानें शोधाच्या चौकटींत 'पेन्शन' लिहिलें. पुष्कळ निघालें: बँकेचीं पत्रकें, शिक्षक-संघटनेचें एक निवेदन, एका मित्राच्या अर्जाचा मसुदा. आदेश निघाला नाहीं. 'निवृत्तिवेतन' लिहिलें, 'आदेश' लिहिलें, व्यर्थ. यंत्राचा शोध कसा चालतो हें येथें समजून घेणें बरें. पुस्तकाच्या शेवटीं शब्दसूची असते, तशी सूची यंत्र फुरसतीच्या वेळीं गुपचूप करून ठेवतें, आणि विचारलेला शब्द त्या सूचींत पाहून उत्तर देतें. म्हणूनच तें क्षणांत उत्तर देऊं शकतें. पण सूचींत अक्षरेंच येतात. स्कॅन केलेला कागद हें छायाचित्र असतें. त्यावर 'आदेश' असें मोठ्या ठशांत छापलेलें असलें तरी यंत्राच्या लेखीं ते पांढऱ्यावरचे काळे ठिपके. चित्रांतलीं अक्षरें ओळखणारीं साधनें आतां निघालीं आहेत, तीं देवनागरीही बऱ्यापैकीं वाचतात. परंतु गुरुजींनीं कागद घातला तेव्हां तें साधन घरांत नव्हतें, आणि स्कॅनरनें त्या चित्रास जें नांव आपोआप दिलें असेल त्यांत पेन्शनचा गंधही नसणार.

यंत्रास विचारून झाल्यावर माणसास विचारण्याची पाळी आली. खरें पाहतां आरंभ तेथूनच व्हावयास हवा होता.

"काकू, काकांनीं तो कागद केव्हां घातला असेल, कांहीं आठवतें का?"

"तारीख कोण लक्षांत ठेवतो रे?"

"तारीख नको. तेव्हां घरांत काय चाललें होतें?"

काकू क्षणभर थांबल्या. "स्कॅनर नवा आणला होता. जांवईबापूंचा पहिला दिवाळसण होता बघ. हे सारखे त्या मशिनीशीं. मी म्हटलें, पाहुणे आले आहेत, जरा बाहेर येऊन बसा."

माणसाची स्मृति तारखेनें चालत नाहीं. ती लग्नांनीं, बाळंतपणांनीं, पुरांनीं आणि दिवाळ्यांनीं चालते. धाकट्या मुलीचें लग्न २०११ च्या उन्हाळ्यांतलें, म्हणजे दिवाळी त्याच वर्षाची, आणि त्या वर्षीं लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरास आलें होतें. पुतण्यानें शब्द सोडला आणि काळ धरला. येथेंही एक खोडा होता. प्रत्येक फाइलीच्या मागें दोन तारखा लिहिलेल्या असतात, एक निर्मितीची आणि दुसरी शेवटच्या बदलाची. निर्मितीच्या तारखेनें पाहूं जातां सगळाच संसार २०१६ सालीं एका दिवसांत जन्मास आलेला दिसला; कारण त्या दिवशीं जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर सर्व उतरविलें होतें, आणि नक्कल केली कीं निर्मितीची तारीख नक्कल केल्या दिवसाची पडते. बदलाची तारीख मात्र सामान्यतः जुनीच राहते. त्या तारखेनें रांग लावून २०११ च्या ऑक्टोबराचा शेवटचा आठवडा काढला, तों 'नवें फोल्डर तीन' यांत जांवयाच्या औक्षणाचीं छायाचित्रें आणि त्यांच्या मध्येंच 'स्कॅन०००२' नांवाचें एक चित्र निघालें. उघडून पाहतात तों तोच आदेश, शिक्क्यासह.

काकूंनीं चष्मा लावून तो कागद नीट वाचला, आणि म्हणाल्या, "हें ठीक झालें. आतां ह्यांच्या ओव्या बघ."

पुतण्या ज्या कामासाठीं आला होता तें संपलें होतें. काकूंच्या मनांतलें काम आतां कोठें सुरू होत होतें. गुरुजींनीं नोकरींत असतांना सुट्ट्यांच्या दिवशीं सायकलीवरून सुपने, तांबवे, उंब्रज, रेठरे अशा गांवीं हिंडून बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. सांगणाऱ्या बहुतेक जणी आतां हयात नाहींत. वह्या होत्या, त्या पुरांत गेल्या. परंतु १९९९ सालीं घरांत पहिला संगणक आल्यापासून २००६ पर्यंत गुरुजी रोज पहांटे बसून त्या ओव्या टंकीत होते, आणि काकू शेजारीं बसून वही वाचून दाखवीत होत्या.

पुतण्यानें 'जातें' शोधलें. एकही ओवी नाहीं. 'ओवी' शोधलें; नाहीं. मग हातानें जुन्या फोल्डरांतून एक फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, उद्गारचिन्हें, कंस यांचा एकच गोंधळ उमटला. काकूंना वाटलें, यंत्रानें ओव्या खाल्ल्या.

मराठी घरांतील संगणकांत हें एक मोठें दुखणें आहे, आणि त्याची उकल ठाऊक नसल्यामुळें लोक असले कागद बिघडले म्हणून टाकून देतात. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, अंक ओळखतो. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर असा करार असावा लागतो. १९९० च्या पुढच्या दशकांत इंग्रजीचा करार सर्वत्र एक होता. देवनागरीसाठीं भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं 'इस्की' नांवाचा करार मानक म्हणून जाहीर केला, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांसाठीं योजलेल्या युनिकोडाची पहिली आवृत्ति देवनागरीसह निघाली. पण सामान्य माणसाच्या टेबलावरील यंत्रांत युनिकोडाची मराठी विंडोज २००० व तिच्या पुढच्या आवृत्त्यांबरोबर आली, आणि अंगवळणी पडावयास त्यानंतरही पुष्कळ वर्षें लागलीं. मधल्या काळांत फाँट तयार करणाऱ्यांनीं एक युक्ति काढली. इंग्रजी अक्षरांच्या अंकांवरच त्यांनीं मराठी आकृत्या बसविल्या. यंत्रास वाटे, माणूस इंग्रजी लिहितो आहे. माणसास दिसे मराठी. प्रत्येक फाँटाची जुळणी निराळी. जोंवर तो फाँट यंत्रांत आहे तोंवर सर्व सुरळीत. यंत्र बदललें, फाँट मागें राहिला, कीं इंग्रजी पोशाख उघडा पडतो. ओव्या कोणीं खाल्ल्या नव्हत्या. त्या सर्व जागच्या जागीं, अक्षर न् अक्षर, होत्या.

अशा फाइलींत फाँटाचें नांव बहुधा लिहिलेलें राहतें. पुतण्यानें तें वाचलें, आणि जुन्या सामानांतून गुरुजींनीं जपून ठेवलेल्या तबकडीवरून तो फाँट पुन्हां यंत्रांत बसविला. पडदा एकदम मराठी बोलूं लागला. आतां प्रश्न असा कीं, बाकीच्या फाइली कोणत्या? शेंकडों फाइलींत गुरुजींच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या, पत्रें होतीं, सभांचे वृत्तांत होते. येथें ती जुनी युक्तीच उलट उपयोगास आली. त्या फाँटांत 'ओवी' हा शब्द ज्या इंग्रजी अक्षरांनीं लिहिला जातो, तीं अक्षरें नेहमीं तींच असणार. पुतण्यानें तेवढा निरर्थक दिसणारा शब्द उचलून शोधाच्या चौकटींत टाकला, आणि यंत्रानें, आपण काय शोधतों आहों हें न कळतां, ओव्यांच्या फाइली एकामागून एक पुढें आणून ठेवल्या.

जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडांत पालटून देणारीं साधनें मिळतात, आणि तीं वापरलींच पाहिजेत. नाहीं तर पुढच्या यंत्रावर पुन्हां हाच तमाशा. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणें बरें नव्हे. जुन्या फाँटांत अक्षरें जशीं दिसतात त्या क्रमानें लिहिलेलीं असतात. 'कि' मधली वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते म्हणून ती आधीं लिहिलेली असते. युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें व्यंजनामागून येते. रफाराचें याच्या उलट. पालटतांना हा क्रम फिरवावा लागतो, आणि जोडाक्षर जरा वांकडें असलें कीं साधन अडखळतें. म्हणून मूळ फाइली न पुसतां वेगळ्या ठेवणें आणि पालटलेला मजकूर माणसानें वाचून पाहणें, हीं दोन्हीं कामें टाळतां येत नाहींत. ओव्यांच्या बाबतींत आणखी एक धोका होता. शुद्धलेखन तपासणारें साधन बाईनें म्हटलेल्या 'पानी' खालीं तांबडी रेघ ओढतें आणि 'पाणी' सुचवितें. एक बोट दाबलें कीं तांबव्याची बाई पुण्याची होऊन जाते. पुतण्यानें तें साधन बंद केलें.

वाचावयास काकू बसल्या. त्यांनीं सहा-सात वर्षें त्या वह्या मोठ्यानें वाचल्या होत्या. अर्ध्याअधिक ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या. पालटलेल्या मजकुरांत एखादें अक्षर चुकलें कीं त्या डोळ्यांपेक्षां कानानें पकडीत. "असें नाहीं रे तें, इथें ठेका मोडतो," म्हणत. यंत्रास दाखवितां न येणाऱ्या चुका त्या संध्याकाळपर्यंत त्यांनीं पुष्कळ दाखविल्या.

एवढें झाल्यावरही 'कऱ्हाड' हा शब्द शोधला असतां कांहीं फाइली आल्या, कांहीं आल्या नाहींत. आणि न आलेल्या फाइलींतही डोळ्यांस 'कऱ्हाड' स्पष्ट दिसत होतें. कारण हें कीं, चंद्रकोरीसारखा जो हा ऱ्हस्व र, तो युनिकोडांत दोन वाटांनीं लिहितां येतो: एक त्याच्यासाठीं दिलेल्या स्वतंत्र अक्षरानें, आणि दुसरी साध्या 'र'पुढें हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्हीं सारखींच, यंत्रास दोन परकीं नांवें. हीच गोष्ट 'सातबाऱ्याचा उतारा' याची, हीच 'तऱ्हे'ची. 'ॲ' हें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं आलें. त्यापूर्वींचे लोक 'अ'वर चंद्र ठेवून तें लिहीत, म्हणून 'ॲग्रीमेंट' शोधणारास जुनें ॲग्रीमेंट सांपडत नाहीं. 'संबंध' आणि 'सम्बन्ध', मराठी आंकडा आणि इंग्रजी आंकडा, यांचीही तीच कथा. मराठी माणसाचा कागद सांपडत नसेल तर तो नाहींच असें ठरविण्यापूर्वीं त्याचें नांव दुसऱ्या वळणानें लिहून पहावें, किंवा अडचणीचें अक्षर टाळून शब्दाचा उरलेला तुकडाच शोधावा. 'हाड' शोधलें तरी कऱ्हाड येतें, जरी बरोबर दुसरींही हाडें येतात.

तांबव्याची फाइल मात्र कोठेंच नव्हती. पुतण्यानें दोनदां विचारल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षीं मी नातवाचा फोटो काढावयास बसलें होतें, तेव्हां कांहीं तरी पुसलें गेलें. ह्यांना मी सांगितलेंच नाहीं." कचरापेटी पाहिली; ती रिकामी. पुसलेली फाइल लगेच नाहींशी होत नाहीं. यादींतून तिचें नांव जातें, आणि फिरत्या तबकडीवर मजकूर तसाच पडून असतो, दुसरें कांहीं त्यावर लिहिलें जाईपर्यंत. म्हणून चूक कळतांच यंत्रावर कांहीं न लिहितां जाणत्या माणसाकडे नेलें, तर पुष्कळदां परत मिळतें. नव्या प्रकारच्या, न फिरणाऱ्या डिस्कांवर ही आशाही थोडीच, कारण त्या मोकळी झालेली जागा स्वतःच लवकर पुसून टाकतात. येथें तर वर्ष उलटलें होतें. पुतण्यानें काकूंस एवढेंच सांगितलें कीं, असें सर्वांच्या हातून होतें. तें खरेंही होतें.

आपल्या घरीं गेलेला कागद कित्येकदां दुसऱ्याच्या घरीं असतो. गुरुजींच्या ई-मेलाचा परवलीचा शब्द दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहिलेला होता. सुरक्षिततेच्या दृष्टीनें हें अगदीं वाईट, आणि त्या दिवशीं अगदीं सोयीचें. परवलीचे शब्द एका वहींत लिहून ती वही कुलपांत ठेवणें आणि कुलपाची किल्ली कोणाजवळ आहे हें घरांत एकास तरी ठाऊक असणें, हा मधला मार्ग पुष्कळ घरांना सोसण्याजोगा आहे. पाठविलेल्या पत्रांत २००५ सालीं एका जुन्या विद्यार्थ्यास धाडलेला तांबव्याच्या ओव्यांचा एक पहिला, अपुरा खर्डा मिळाला. त्याच रांगेंत गुरुजींचीं कांहीं खाजगी पत्रेंही होतीं. पुतण्यानें तीं उघडलीं नाहींत आणि त्यांविषयीं बोललाही नाहीं. दुसऱ्याचें दप्तर शोधणाऱ्यास हात जितका चपळ लागतो, तितकीच डोळ्यांस मर्यादा लागते.

पुढच्या खेपेस लावणीचें काम निघालें. पुतण्यानें कागदावर एक मोठी वंशावळ काढून आणली होती: दस्तऐवज, त्याखालीं शासकीय, त्याखालीं निवृत्तिविषयक, त्याखालीं आदेश. काकूंनीं ती पाहिली आणि विचारलें, "ह्यांचे कागद कोठें ठेवूं?" शेवटीं पडद्यावर चारच फोल्डरें राहिलीं: 'ह्यांचे कागद', 'घर', 'ओव्या' आणि 'माझें'. पुतण्याचा थोडा हिरमोड झाला. पण काकूंचेंच बरोबर होतें. १९९५ सालीं बारो व नार्डी या दोन संशोधकांनीं, आणि २००८ सालीं इस्राएलमधील ओफर बर्गमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, माणसें आपला स्वतःचा कागद शब्द टाकून शोधण्यापेक्षां ठाऊक असलेल्या वाटेनें चालत जाऊन काढणें अधिक पसंत करतात. शोधाचीं साधनें सुधारल्यानेंही ही आवड फारशी बदलली नाहीं. वाट ज्याची त्यालाच चालावयाची असल्यामुळें खुणेचे दगड त्याच्याच शब्दांत हवेत.

ओव्यांचें गणित अधिक अवघड होतें. ओवी गांवाप्रमाणें लावावी, सांगणारीप्रमाणें, कीं विषयाप्रमाणें? मद्रासचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांना पुस्तकांविषयीं हाच प्रश्न पडला होता, आणि १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विबिंदु-वर्गीकरणांत त्यांनीं एका पुस्तकाचे विषय, स्थळ, काळ असे निरनिराळे पैलू एकाच क्रमांकांत गुंफण्याची सोय केली. फाइलीच्या नांवांत तसें थोडेंबहुत करतां येतें. फोल्डर गांवाचें, फाइलीच्या नांवांत प्रथम तारीख, मग गांव, मग सांगणारी, मग विषय. तारीख लिहितांना वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस, आणि एक आंकडी महिन्यापुढें शून्य. म्हणजे यंत्र नांवांची रांग लावतें तेव्हां कालक्रम आपोआप लागतो. दिवस आधीं लिहिला तर सर्व वर्षांच्या पहिल्या तारखा एकत्र गोळा होतात. तारखेंत तिरपी रेघ घालतां येत नाहीं, विंडोज ती स्वीकारीत नाहीं. आडवी रेघ चालते. एकच फाइल दोन ठिकाणीं हवी असली तर दोन नकला करूं नयेत, एक मूळ ठेवून दुसरीकडे तिचा दुवा ठेवावा. दोन नकलांपैकीं एकींत सुधारणा होते आणि दुसरी छापावयास जाते, हा अनुभव कोणास नाहीं?

फोनवर आलेल्या चित्रांचें काय करावें, हें काकूंनीं विचारलें. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या चित्रास तारीख आणि एक अनुक्रमांक एवढेंच नांव असतें. कामाचें असेल तें त्याच दिवशीं नांव बदलून हलवावें, बाकीचें सुप्रभात जाऊं द्यावें.

सर्वांच्या तीन प्रती झाल्या: एक यंत्रावर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी पुतण्याच्या घरीं साताऱ्यास. ही तिसरी काकूंना प्रथम अनावश्यक वाटली. पुतण्यानें खिडकींतून नदीच्या बाजूस नुसतें बोट दाखविलें. आदेशाची छापील प्रत घेऊन कोषागारांत जावयाचें सोमवारीं ठरलें.

त्या दिवशीं, १५ ऑक्टोबरास, घटस्थापना होती. दुपारीं तांबव्याचा तो २००५ चा खर्डा काकूंनीं पडद्यावर वाचावयास घेतला. तो मध्येंच तुटला होता. तुटल्या जागेवर त्या थांबल्या, आणि पुढची ओवी हळूहळू म्हणूं लागल्या. पुतण्यानें नवी फाइल उघडून तिला नांव दिलें, '२०२३-१०-१५ तांबवे, काकूंनीं सांगितलेल्या', आणि कळफलक जवळ ओढला. "जरा सावकाश, काकू," तो म्हणाला. "पुन्हां पहिल्यापासून."